लेकुरवाळ्या घराने कर्ज कसे फेडावे

कर्जफेडीचे बहुतेक सल्ले असे धरून चालतात की घरातील माणसे रात्री पुरेशी झोपतात, महिन्याचा खर्च महिन्याच्या आरंभीच ठाऊक असतो आणि ठरवलेले पार पाडण्याइतके त्राण संध्याकाळी अंगात उरलेले असते. ज्या घरात पाच वर्षांखालील एक-दोन मुले आहेत, तेथे यांपैकी एकही गोष्ट खरी नसते. अशा घराने योजना आखताना सर्वांत चांगला महिना डोळ्यांसमोर ठेवू नये; मूल तापाने फणफणले आहे, एकाचा पगार रजेमुळे कापला गेला आहे आणि आठवडाभर कुणाचीही झोप झालेली नाही, अशा महिन्यातही जी टिकेल तीच योजना खरी मानावी. आमच्या घरी धाकटे मूल जन्मले तेव्हा तीन कर्जे चालू होती. पहिल्या वर्षात केलेल्या दोन योजना दुसऱ्याच महिन्यात मोडल्या. त्यांतील आकडेमोड बरोबर होती, पण ती लहान मूल नसलेल्या घराची होती. तिसरी योजना टिकली, आणि पुढील मजकूर मुख्यतः तिच्या अनुभवावर उभा आहे.

एका कागदावर सगळी कर्जे

पहिले काम हिशेबाचे आहे. ते दोघांनी एकत्र बसून करावे आणि रात्री मूल झोपल्यावर करू नये; त्या वेळी दोघेही दमलेले असतात आणि पैशाचे बोलणे फार लवकर एकमेकांच्या चुका मोजण्यावर येते. मुलाला तासभर कुणाकडे तरी सोपवून सुट्टीच्या दिवशी सकाळी बसावे. एकट्याने मूल वाढवणाऱ्या पालकाने एखाद्या विश्वासू भावंडाला किंवा मैत्रिणीला सोबत घ्यावे, कारण स्वतःच्या कर्जाचा आकडा मोठ्याने वाचला गेला की तो भीतीच्या जागेवरून कामाच्या जागेवर येतो.

प्रत्येक कर्जासमोर आज उरलेली मुद्दल, व्याजाचा वार्षिक दर, मासिक हप्ता, उरलेले हप्ते, मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार, तारण काय आहे आणि जामीनदार कोण आहे, एवढे लिहावे. नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने पैसेही याच कागदावर यावेत. त्यांवर व्याज नसते म्हणून ते विसरले जातात, आणि ज्याने दिले तो मात्र विसरलेला नसतो. या बैठकीत कधी कधी जोडीदाराने लपवलेले एखादे कर्ज बाहेर येते. त्या दिवशी त्याची चौकशी न करता केवळ आकडा लिहून घ्यावा. जाब विचारला गेला तर पुढचे लपवलेले कर्ज कधीच कागदावर येणार नाही.

व्याजदर लिहिताना तो घटत्या शिलकेवरचा आहे की सुरुवातीच्या संपूर्ण मुद्दलीवर सरसकट लावलेला आहे, हे विचारून घ्यावे. चलन कोणतेही असो, १,००,००० चे कर्ज तीन वर्षांसाठी सरसकट १० टक्क्यांनी घेतले तर व्याज ३०,००० होते आणि दरमहा सुमारे ३,६११ चा हप्ता पडतो. आपण मुद्दल दरमहा परत करत असूनही व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर मोजले जाते. घटत्या शिलकेच्या पद्धतीत हाच हप्ता जवळपास १८ टक्के दराचा ठरतो. दोन कर्जांची तुलना करण्याआधी दोन्ही दर एकाच पद्धतीत आणले नाहीत, तर महाग कर्ज स्वस्त वाटते आणि फेडीचा क्रम उलटा लागतो.

किमान रकमेचा फास

क्रेडिट कार्डाच्या देयकावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ लेकुरवाळ्या घराला फार आधाराची वाटते, आणि नेमकी म्हणूनच ती समजून घ्यायला हवी. समजा, कार्डावर १,००,००० थकले आहेत, व्याज महिन्याला ३ टक्के आहे आणि किमान रक्कम शिलकेच्या ५ टक्के आहे. नवीन एकही खरेदी न करता दरमहा केवळ किमान रक्कम भरत राहिलो, तर शिल्लक निम्मी व्हायला सुमारे ३२ महिने लागतात आणि १० वर्षांनंतरही मूळ रकमेचा जवळजवळ ७ टक्के भाग उरलेला असतो. याचे कारण असे की शिल्लक घटते तशी किमान रक्कमही घटते. आपण दरमहा थोडे थोडे कमी भरत जातो आणि आपल्याला ते जाणवतही नाही.

आता पहिल्या महिन्याची किमान रक्कम, म्हणजे व्याज मिळवून झालेल्या १,०३,००० च्या ५ टक्के, ५,१५०, हाच आपला कायमचा हप्ता ठरवला आणि शिल्लक घटली तरी तो खाली येऊ दिला नाही, तर तेच कर्ज ३० महिन्यांत पूर्ण फिटते. व्याजापोटी सुमारे ५२ हजार जातात, आणि ही रक्कम थोडी नाही. परंतु पहिल्या महिन्यात जे भरले त्याहून एक पैसाही अधिक कधी भरावा लागला नाही. या घडीला एका पैशाचीही जास्तीची सोय नसलेल्या कुटुंबालाही हा बदल करता येतो, म्हणून मी त्याला सर्वांत वरचे स्थान देतो. आजची किमान रक्कम कागदावर लिहावी, ती रक्कम बँकेच्या स्थायी सूचनेने पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप जाईल अशी व्यवस्था करावी, आणि ते कार्ड वापरणे बंद करावे.

आपोआप जाण्यावर माझा इतका भर का, हेही सांगतो. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची आकलनाची चाचणी पीक हाती येण्याआधी आणि आल्यानंतर अशी दोनदा घेतली होती. पैशाची चणचण असताना त्याच माणसांची कामगिरी खालावल्याचे त्यात नोंदवले आहे. चणचणीच्या जोडीला अपुरी झोप आली की देयकाची तारीख विसरणे हा निष्काळजीपणा राहत नाही, तो जवळजवळ अटळ होतो. आणि विसरण्याची शिक्षा विलंब शुल्काच्या रूपाने दरवेळी भरावी लागते. जे काम दमलेल्या माणसाकडून चुकणारच आहे, ते त्याच्याकडे ठेवूच नये.

आधी छोटी गंगाजळी

कर्जावर चढे व्याज चालू असताना पैसे बाजूला ठेवणे हिशेबाला पटत नाही, तरीही मूल लहान असताना निदान एका महिन्याच्या अत्यावश्यक खर्चाइतकी रक्कम आधी साठवावी असे माझे ठाम मत आहे. निरोगी लहान मुलांनाही वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होतो, आणि पाळणाघरात जाणाऱ्या मुलांना त्याहून अधिक वेळा होतो. म्हणजे मुलाचे आजारपण अकस्मात येत नाही. केवळ त्याची तारीख ठाऊक नसते. प्रत्येक आजारपणात तपासणी व औषधांच्या खर्चाबरोबर पालकाची रजाही खर्ची पडते, आणि पगारी रजा संपल्या की उत्पन्नच घटते. ही रक्कम हाताशी नसेल तर ती थेट कार्डावर जाते आणि तीन महिन्यांची फेड एका आठवड्यात पुसली जाते. त्यानंतर माणसाचा धीर खचतो. आमच्या पहिल्या दोन्ही योजना याच कारणाने मोडल्या.

गंगाजळी वेगळ्या खात्यात ठेवावी आणि वापरली गेल्यास पुन्हा भरून निघेपर्यंत जादा फेड थांबवावी. वर्षातून एकदा येणारे खर्च, जसे विम्याचे हप्ते, बालवाडीचे शुल्क, वाहनाची दुरुस्ती, यांना मात्र गंगाजळीत हात घालू देऊ नये. त्यांची वर्षभराची यादी करून बेरजेला बाराने भागावे आणि तेवढी रक्कम दरमहा निराळी काढावी.

आधी कोणते कर्ज?

ज्या देण्यांत चूक झाल्यास घर, वीज, पाणी किंवा रोजीरोटीचे साधन जाऊ शकते, ती देणी सर्वांत आधी येतात: घरभाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता, वीजदेयक, कर, आणि ज्या वाहनावाचून कामावर जाता येत नाही त्याचा हप्ता. वसुलीसाठी दिवसातून पाच वेळा फोन करणारा सावकार या यादीत केवळ आवाजाच्या जोरावर वर चढता कामा नये. बहुतेक घरांत नेमके हेच घडते, कारण मूल कडेवर असताना येणारा फोन शांत करणे हीच त्या क्षणाची सर्वांत मोठी गरज वाटते.

ही देणी आणि प्रत्येक कर्जाचा ठरलेला हप्ता गेल्यावर जे उरेल ते एकाच कर्जावर घालावे. व्याजाचा हिशेब सांगतो की सर्वांत चढ्या दराचे कर्ज आधी फेडावे. माणसाचा स्वभाव मात्र सर्वांत छोट्या कर्जाकडे वळतो. २०११ साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च’मध्ये आलेल्या अभ्यासात लोक दर न पाहता छोटी खाती आधी बंद करतात आणि त्यामुळे अधिक व्याज भरतात, असे आढळले होते. त्याच नियतकालिकात पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने उलट बाजू दाखवली: ज्यांनी आपली काही खाती पूर्ण बंद केली, ते अखेरीस संपूर्ण कर्जातून बाहेर पडण्याची शक्यता अधिक होती.

लहान मुलांच्या घरासाठी या वादात तिसरा मुद्दा आहे, आणि तो उमेदीपेक्षाही व्यावहारिक आहे. छोटे कर्ज संपले की त्याचा हप्ता कायमचा सुटतो, म्हणजे दरमहा सक्तीने बाहेर जाणारी रक्कम घटते. पुढील वर्षभरात एकाचे काम सुटण्याची, बाळंतपणाची किंवा बिनपगारी रजेची शक्यता असेल, तर सक्तीचे हप्ते कमी असणे हेच खरे संरक्षण असते. म्हणून दरांत दोन-चार टक्क्यांचाच फरक असेल तर मी छोटे कर्ज आधी संपवण्याच्या बाजूने आहे. मात्र महिन्याला ३ टक्के घेणारे कार्ड समोर असेल तर दुसरा कोणताही विचार न करता आधी तेच फेडावे, कारण चक्रवाढीने तो दर वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातो. नातेवाइकांच्या पैशांना दर नसला तरी तारीख द्यावी, रक्कम छोटी का असेना पण दरमहा न चुकता द्यावी, आणि दोघांच्या सह्यांचा एक कागद करून ठेवावा.

मुलाच्या वयाबरोबर सुटणारा पैसा

लेकुरवाळ्या घराकडे एक गोष्ट अशी आहे जी इतर कर्जदारांकडे नसते: त्याचे काही मोठे खर्च स्वतःहून संपणार आहेत, आणि ते कधी संपतील हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येते. आईचे दूध मिळू न शकणाऱ्या बाळासाठी लागणाऱ्या दुधाच्या पावडरीचा खर्च साधारण एक वर्षाच्या सुमारास आटोपतो. बहुतेक मुलांचे दिवसाचे डायपर दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान सुटतात. पूर्ण दिवसाच्या पाळणाघराचा खर्च, जो अनेक घरांत भाड्याखालोखाल असतो, मूल शाळेत जाऊ लागले की अर्ध्यावर येतो किंवा थांबतो.

हे खर्च संपतात, परंतु त्यांतून सुटलेला पैसा कर्जाकडे जात नाही. तो दोन महिन्यांत घरखर्चात विरघळतो, कारण मोठ्या होणाऱ्या मुलाच्या नव्या गरजा दाराशी उभ्याच असतात. यावरचा उपाय आधीच करून ठेवावा लागतो. एका मोठ्या कागदावर पुढील पाच वर्षांचे महिने आडवे मांडावेत, प्रत्येक मुलाचे वय त्याखाली लिहावे, आणि कोणता खर्च कोणत्या महिन्याच्या आसपास संपेल, कोणता सुरू होईल, हे त्यावर नोंदवावे. मग प्रत्येक संपणाऱ्या खर्चासमोर तो पैसा कोणत्या कर्जावर जाईल, त्या कर्जाचे नाव आजच लिहून टाकावे. पाळणाघराचा शेवटचा महिना आला की पुढच्या महिन्यापासून तेवढ्याच रकमेची, निदान तिच्या तीन चतुर्थांशाची, स्थायी सूचना त्या कर्जाच्या खात्याकडे वळवावी. त्या रकमेवाचून जगण्याची घराला सवय झालेलीच असते, त्यामुळे हा त्याग वाटत नाही.

या तक्त्याचा आणखी एक उपयोग होतो. आज दरमहा काहीच जास्तीचे भरता येत नसलेल्या घराला त्यावरून दिसते की अमुक महिन्यापासून भरता येणार आहे. मूल आठ महिन्यांचे असताना घराची जी ओढाताण असते, तीच कायमची आहे असे वाटत राहते, आणि त्या समजुतीपोटी माणसे हात टेकतात. तोवर कर्ज वाढू न देणे एवढेच उद्दिष्ट ठेवले तरी ते पुरेसे आहे. दुसऱ्या मुलाचा विचार चालू असेल तर तोही याच कागदावर मांडून पाहावा. दोन मुले एकाच वेळी पाळणाघरात असण्याचे महिने किती, हे दिसले की निर्णय कोणताही घेतला तरी तो डोळसपणे घेतला जातो.

कशात कापावे आणि कशात कधीच कापू नये

बाळाचे वजन साधारण पाच महिन्यांत जन्मवेळच्या दुप्पट आणि वर्षभरात तिप्पट होते. उंची पहिल्या वर्षात निम्म्याने वाढते. याचा अर्थ असा की पहिल्या वर्षातील कपडे फाटत नाहीत, ते केवळ अपुरे होतात. वापरलेले कपडे, पाळणा-गाडी, पुस्तके, खेळणी मागून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. मागावे मात्र नेमके: ‘काही असेल तर द्या’ असे म्हटल्यास अडगळ येते, ‘सहा ते बारा महिन्यांचे उबदार कपडे हवे आहेत’ असे सांगितल्यास कपडे येतात.

काही ठिकाणी बचत जिवावर बेतू शकते. दुधाची पावडर पुरवून वापरण्यासाठी तीत सांगितल्यापेक्षा जास्त पाणी कधीही घालू नये. बाळाच्या रक्तातील सोडियम त्यामुळे घसरून झटके येऊ शकतात. पावडर परवडत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगावे, त्यांना हा प्रश्न नवा नसतो. मोटारीतील मुलांचे आसन जुने घ्यायचे तर ते अपघातात सापडलेले नाही आणि त्याची मुदत उलटलेली नाही याची पूर्ण खात्री असलेल्या माणसाकडूनच घ्यावे. अनोळखी विक्रेत्याकडून घेऊ नये. लसीकरण पुढे ढकलू नये. पालकांच्या स्वतःच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करणेही बचतीच्या याच घातक प्रकारात मोडते.

अनावश्यक खरेदीबद्दल एकच सांगतो. ती बाजारात होत नाही, रात्री दोन वाजता बाळाला दूध पाजताना हातातील मोबाइलवर होते. त्या वेळी मन थकलेले असते आणि प्रत्येक जाहिरात एखाद्या खऱ्याच अडचणीवर तोडगा देत असते: झोप, रडणे, दात येणे. मोबाइलमध्ये साठवलेले कार्डांचे क्रमांक काढून टाकावेत, वस्तू यादीत टाकून चोवीस तास थांबावे आणि दिवसाउजेडी जोडीदाराला विचारून मगच घ्यावी. ‘बिनव्याजी सोपे हप्ते’ असे लिहिलेल्या खरेदीचीही नोंद कर्जाच्या कागदावर झालीच पाहिजे. कामामुळे मुलाला वेळ देता येत नाही या अपराधी भावनेतून होणारी खेळण्यांची खरेदी थांबवणे त्याहून अवघड असते, कारण तेथे प्रश्न वस्तूचा नसतोच. तेवढा वेळ ठरवून काढणे हाच त्यावरचा इलाज आहे. दोघांनाही दरमहा थोडी रक्कम अशी असावी की तिचा हिशेब कुणालाही द्यावा लागणार नाही; ती नसलेली योजना फार काळ चालत नाही.

उत्पन्न घटणार असेल तेव्हा

बाळंतपणाची रजा किंवा काम सोडण्याचा निर्णय समोर असेल, तर कर्ज देणाऱ्या संस्थेशी हप्ता चुकण्याच्या आधी बोलावे, लेखी बोलावे आणि उत्तरही लेखी मागावे. नियमित भरणाऱ्या ग्राहकाला हप्त्याची तारीख बदलून देणे किंवा काही काळ हप्ता कमी करणे संस्थेला सोपे असते; एकदा थकबाकी झाली की तीच विनंती अविश्वासाने पाहिली जाते.

हप्ते काही महिने स्थगित करण्याची सवलत मिळाली तर तिची किंमत आधी विचारावी. ९ टक्के दराच्या २० वर्षांच्या कर्जाचे अगदी सुरुवातीचे तीन हप्ते पुढे ढकलले, त्या काळातील व्याज मुद्दलीत मिळवले गेले आणि हप्त्याची रक्कम तीच ठेवली, तर २४० ऐवजी सुमारे २५६ हप्ते भरावे लागतात. तीन हप्त्यांच्या विसाव्यासाठी सोळा हप्ते जादा! जेथे दुसरा मार्गच नाही तेथे हा विसावा घ्यावा, पण शक्य असल्यास त्या काळात निदान व्याजापुरती रक्कम भरत राहावे, म्हणजे मुद्दल फुगत नाही.

अनेक कर्जे एकत्र करून एकच कमी दराचे कर्ज घेण्याचा सल्लाही याच सुमारास मिळू लागतो. तेथे दरापेक्षा मुदत पाहावी. १,००,००० चे कर्ज १४ टक्क्यांनी दोन वर्षांत फेडले तर व्याज सुमारे १५,२०० होते; तेच ११ टक्क्यांनी पाच वर्षांवर नेले तर हप्ता निम्म्याहून कमी होतो, पण व्याज सुमारे ३०,५०० भरावे लागते. नवे कर्ज घेऊन जुन्याच मुदतीत फेडणार असाल तरच ते स्वस्त. आणि मोकळी झालेली कार्डे बंद केली नाहीत, तर वर्षभरात नवे कर्ज आणि जुनी कार्डे दोन्ही डोक्यावर असतात.

एकाने काम सोडून मूल सांभाळावे का, हा प्रश्न बहुधा पाळणाघराचा खर्च आणि एकाचा पगार यांची वजाबाकी करून सोडवला जातो, आणि ती वजाबाकी जवळजवळ नेहमी आईच्या पगारातून होते. पाळणाघराचा खर्च दोघांच्या मिळून उत्पन्नातून वजा करावा, कारण मूल दोघांचे आहे आणि दोघेही त्यामुळेच कामावर जाऊ शकतात. शिवाय काम सोडल्याने आजच्या पगाराबरोबर पुढील बढत्या, निवृत्तीसाठीची बचत आणि पुन्हा काम मिळण्याची सोयही सोडली जाते. घरी राहण्याचा निर्णय मुलासाठी योग्य असू शकतो. तो केवळ स्वस्त आहे असे समजून घेऊ नये.

मुदतीचे मोठे कर्ज, विमा आणि मुलांची पुंजी

घरावरचे दीर्घ मुदतीचे कर्ज सर्वांत शेवटी हाताळावे. त्यातही थोडीशी जादा भर मोठे काम करते: २० वर्षांच्या ९ टक्के दराच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातील सहापैकी पाच भाग व्याजाचे असतात, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत भरलेला जादा पैसा थेट मुद्दल कापतो. वर्षाकाठी एका हप्त्याइतकी रक्कम जादा भरली तर मुदत सुमारे साडेतीन वर्षांनी घटते. जादा भरणा करताना हप्ता कमी न करता मुदत कमी करावी, असे संस्थेला लेखी कळवावे.

मात्र जादा फेडीच्या आधी दोन्ही पालकांचा साधा मुदतीचा आयुर्विमा आणि कुटुंबाचा आरोग्यविमा असावा. कर्ज डोक्यावर असताना आणि मुले लहान असताना कमावता माणूस गेला, तर ते कर्ज मागे राहिलेल्या पालकाच्या एकट्याच्या वाट्याला येते. घरी राहून मुले सांभाळणाऱ्या पालकाचाही विमा असावा. त्याचे काम पैसे देऊन करून घ्यायचे ठरले तर ते किती महाग पडेल, हे पाळणाघराचे देयक भरणाऱ्याला सांगावे लागत नाही. मुलांच्या शिक्षणासाठीची साठवण चढ्या व्याजाची कर्जे फिटेपर्यंत थांबवली तर त्यात मुलांवर अन्याय नाही. ३ टक्के मासिक व्याज भरत असताना त्याच घरातील पैसा मुलाच्या नावे चार-सहा टक्के वार्षिक दराने ठेवणे म्हणजे मुलाच्याच भविष्यातून व्याज भरणे होय.

मुलांना काय सांगावे

तीन वर्षांच्या मुलाला कर्ज कळत नाही, पण आवाजातील ताण कळतो. वसुलीचे फोन मुलासमोर घेऊ नयेत आणि पैशावरून होणारे बोलणे ठरलेल्या बैठकीपुरते ठेवावे. आठवड्यातून वीस मिनिटे पुरतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाने दुकानात काही मागितले तर ‘आपल्याकडे पैसे नाहीत’ असे म्हटल्याने ते घाबरते, आणि दुसऱ्या दिवशी घरात काही खरेदी झाली की ते गोंधळते. ‘या महिन्यात आपण हे घ्यायचे ठरवलेले नाही’ हे वाक्य खरेही आहे आणि मुलाला पेलणारेही आहे. आणखी थोडे मोठे मूल थेट विचारेल तेव्हा सांगावे की घरासाठी आपण पैसे उसने घेतले होते, ते दर महिन्याला परत करत आहोत आणि ते काम आई-बाबांचे आहे. मुलाने आपल्या साठवणीच्या डब्यातले पैसे देऊ केले तर त्याला जवळ घ्यावे आणि पैसे परत डब्यात ठेवायला सांगावे.

एखादा महिना पूर्ण फसेल. त्या महिन्यात जादा फेड सोडून द्यावी, ठरलेले हप्ते तेवढे जाऊ द्यावेत, जे चुकले ते पुढच्या महिन्यात दुप्पट करून भरण्याचा आग्रह धरू नये, आणि पुढील पगाराच्या दुसऱ्या दिवशी नेहमीची स्थायी सूचना पुन्हा चालू करावी.

एखादे कर्ज संपले की त्याच आठवड्यात संस्थेकडून कर्ज पूर्ण फिटल्याचा लेखी दाखला घ्यावा, तारण ठेवलेली मूळ कागदपत्रे मोजून परत घ्यावीत, तारणाची नोंद जेथे झाली असेल तेथून ती काढून घ्यावी, जामीनदाराला दाखल्याची प्रत द्यावी आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता खरोखर बंद झाला आहे की नाही, हे पुढील दोन महिने तपासावे. दोन-तीन महिन्यांनी आपल्या पतनोंदीत (क्रेडिट रिपोर्टमध्ये) ते खाते बंद दिसते का, तेही पाहावे, आणि सुटलेला हप्ता तक्त्यात लिहिलेल्या पुढच्या कर्जाकडे वळवावा.